एकट्यानं पॉडकास्ट करायचा तर: कविता, सूर आणि आजचं जगणं

कविता वाचणारे, गाणं मनापासून ऐकणारे आणि रोजच्या जगण्याबद्दल काही सांगावंसं वाटणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांना पॉडकास्ट करायचा असतो आणि सोबतीला कुणी मिळालं नाही म्हणून तो राहून जातो. माझ्या मते या विषयांना एकटा बोलणाराच जास्त शोभतो. ऐकणाराही बहुतेक वेळा एकटाच असतो. कानात इअरफोन घालून तो लोकलमध्ये उभा असतो, पोळ्या लाटत असतो किंवा रात्री उशिरा झोपेची वाट पाहत असतो. एका माणसानं एका माणसाशी बोलायचं, एवढं धरून ठेवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

सामान थोडंच लागतं. फोन किंवा लॅपटॉप, एक साधा माइक, एक वही आणि आठवड्यातले चार-पाच निवांत तास.

१. आधी धागा शोधा

चाकोरीबाहेरचं करायचं म्हणजे विचित्र आवाज काढायचे किंवा मुद्दाम तिरकस बोलायचं, असा अनेकांचा समज असतो. तसं काही लागत नाही. दोन लांबच्या गोष्टींत तुम्हाला स्वतःला दिसलेला संबंध, एवढं पुरतं. म्हणून एका भागासाठी साधा नियम ठेवा: एक कविता, एक सूर किंवा आवाज, आणि आजच्या जगण्यातला एक प्रसंग. चौथी गोष्ट सुचली तर ती पुढच्या भागासाठी वहीत लिहून ठेवा.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या गावागावांतून बायकांच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम उभं केलं. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या ऑनलाइन संग्रहातून २०१७ पासून लोकांसमोर येतो आहे. तुमच्या भागात एक ओवी असेल, जात्याची घरघर असेल आणि आज पिठाची पिशवी दहा मिनिटांत दारात येणारं घर असेल. या तिघांना बांधणारा प्रश्न असा: पहाटे दळताना बाई जे जात्यापाशी बोलत होती, ते आज कोण कुठे बोलतं? या प्रश्नावर पंधरा मिनिटं सहज बोलता येतं, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं.

किंवा पेटीची गोष्ट घ्या. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम वाजवायला बंदी होती. ठरावीक पट्ट्यांमधून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म स्वर) निघत नाहीत, असा आक्षेप होता. १९७१ मध्ये ही बंदी सैल झाली. ज्या महाराष्ट्रात संगीत नाटक ऑर्गन आणि पेटीच्या आधारानं उभं राहिलं, तिथल्या ऐकणाऱ्यांसाठी ही केवढी विलक्षण गोष्ट आहे! याच काळात आकाशवाणीत नोकरी करत होते बा. सी. मर्ढेकर, यंत्रयुगातल्या माणसाची कविता मराठीत आणणारे कवी. आपण काय ऐकायचं हे कोण ठरवतं, हा तेव्हाचा प्रश्न आणि फोननं आपोआप लावून दिलेली गाण्यांची यादी हा आजचा. भाग इथेच तयार झाला.

अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्यांनी तर भोंडल्यापासूनच सुरुवात करावी. मध्ये हत्ती ठेवून फेर धरायचा हा खेळ मराठी मंडळांबरोबर परदेशी गेला. गाणी पारंपरिक आहेत, तुमच्या आईला किंवा आजीला येतात आणि त्यांच्या आवाजात ती मुद्रित करून ठेवणं हे आपल्या परीनं मोलाचं काम आहे.

पाच-सहा भागांचे असे धागे लिहून काढा आणि प्रत्येक धागा मित्राला किंवा मैत्रिणीला एका वाक्यात सांगून पाहा. समोरच्यानं “मग?” असं विचारलं तर भाग होईल. “छान आहे” एवढंच उत्तर आलं, तर धागा अजून पक्का नाही.

२. हक्क समजून घ्या, मगच मजकूर निवडा

नवखे लोक इथेच सर्वात जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत त्याच्या प्रकाशित साहित्यावर हक्क असतो, आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून आणखी ६० वर्षं तो चालतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, गोविंदाग्रज १९१९ मध्ये आणि भा. रा. तांबे १९४१ मध्ये. यांच्या कविता तुम्ही मोकळेपणानं पूर्ण वाचू शकता. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे २०१७ पासून त्यांच्या कविताही मुक्त आहेत. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तीही मुक्त झाली आहेत. ज्ञानोबा-तुकोबांबद्दल तर प्रश्नच नाही. फक्त एखाद्या आजच्या अभ्यासकानं लिहिलेल्या प्रस्तावना, टीपा आणि अर्थ हे त्या अभ्यासकाचे असतात, ते उचलू नका. अनुवादालाही स्वतःचा वेगळा हक्क असतो.

कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. अरुण कोलटकर २००४ मध्ये गेले, तिथे २०६४. समीक्षा करताना चार ओळी उद्धृत करायला कायद्यात जागा आहे, पण अख्खी कविता वाचून दाखवायची तर परवानगी घ्या. हयात कवींची तर घ्यायलाच हवी. परवानगी मागणं अवघड नसतं. पुस्तकावरच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर एवढं लिहिलं तरी पुरतं:

“सविनय नमस्कार. मी मराठीत कविता आणि संगीताविषयी एक पॉडकास्ट करते. आपली अमुक कविता त्यातल्या एका भागात पूर्ण वाचण्याची परवानगी हवी आहे. भाग साधारण पंधरा मिनिटांचा असेल. ऐकायला पैसे लागत नाहीत, सध्या जाहिराती नाहीत. आपलं, संग्रहाचं आणि प्रकाशनाचं नाव भागात व सोबतच्या माहितीत देईन. प्रसिद्ध करण्याआधी भाग आपल्याला ऐकायला पाठवीन.”

शेवटचं वाक्य लिहाच, आणि पाळा. आपल्या कवितेचा कुणी इतका विचार केला याचं कवींना मनापासून बरं वाटतं. होकार तोंडी मिळाला तरी दोन ओळी लेखी मागून घ्या.

संगीताचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. तांब्यांच्या कवितेचे शब्द आज मुक्त आहेत. पण त्याच कवितेला नंतर कुणी लावलेली चाल आणि त्या गाण्याची तबकडी यांचे मालक वेगळे असू शकतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणून एखादी जुनी तबकडी मुक्त असली, तरी तिच्यातली चाल मुक्त असेलच असं नाही. आणि “तीस सेकंदांपर्यंत गाणं वाजवलं तर चालतं” हा नियम सगळीकडे सांगितला जातो. असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. यूट्यूबवर तर आवाज ओळखणारी यंत्रणा काही सेकंदांचा तुकडाही पकडते.

मग सूर आणायचा कुठून? राग कुणाच्या मालकीचा नसतो. ताल नसतो. पारंपरिक बंदिश, ओवी, पाळणा, भोंडल्याचं गाणं, तुकोबांचा अभंग स्वतःच्या चालीत, हे सगळं तुम्ही स्वतः गाऊ किंवा वाजवू शकता. आवाज साधा असला तरी चालतो. गळा तयार नसलेल्या माणसानं तानपुऱ्यावर नुसता आरोह-अवरोह म्हटला तरी ऐकणाऱ्याला रागाचा रंग कळतो. ओळखीचं कुणी तबला किंवा बासरी वाजवत असेल तर त्यांच्याकडून पाच मिनिटं मुद्रित करून घ्या, त्यांचं नाव द्या, शक्य असेल तर मानधन द्या आणि लेखी संमती ठेवा, कारण कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरही हक्क असतो. वासुदेव किंवा रस्त्यावर वाजवणाऱ्या कुणाचा आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे निर्मात्यानं काही अटींवर इतरांना वापरू दिलेलं संगीत इंटरनेटवर मिळतं, पण प्रत्येक तुकड्याची अट वाचा. काहींना नुसतं श्रेय पुरतं, काही व्यावसायिक वापराला मनाई करतात, काही बदल करू देत नाहीत.

ज्या गाण्याशिवाय भाग होणारच नाही असं वाटतं, त्या गाण्याचं शब्दांनी वर्णन करा. कुठे स्वर थांबतो, कुठे तबला मागे सरतो, तिसऱ्या कडव्यात गायिका कोणता शब्द हलकेच सोडते, हे सांगा आणि गाणं अधिकृतपणे कुठे ऐकायला मिळेल ते माहितीत द्या. ऐकणारा नंतर ते गाणं तुमच्या कानांनी ऐकतो. गाणं नुसतं वाजवून दाखवण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं.

३. बोलण्यासाठी लिहा

उत्स्फूर्त बोलायचं असलं तरी पहिले काही भाग पूर्ण लिहून काढा. एकट्याच्या कार्यक्रमात सावरून घ्यायला दुसरा आवाज नसतो. लिहिताना ओठ हलवत लिहा. ज्या वाक्यात श्वास पुरत नाही ते दोन वाक्यांत तोडा. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘याठिकाणी’ असे शब्द काढून टाका. “श्रोतेहो” हेही नको. ती हाक सभागृहासाठी आहे. “तुम्ही” म्हणा, आणि ते म्हणताना ओळखीचा एकच चेहरा डोळ्यांसमोर ठेवा. तुमची बोली अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी असेल तर ती येऊ द्या. पुस्तकी मराठीत कविता समजावून सांगणारे पुष्कळ आहेत.

एक पान मोठ्यानं वाचून घड्याळ लावा, म्हणजे तुमचा वेग कळेल. बहुतेकांचं मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास येतं. कविता त्याहून सावकाश. बारा ते अठरा मिनिटांचा भाग सुरुवातीला पुरे.

ओळख लांबवू नका. आपलं नाव, कार्यक्रमाचं नाव, आणि लगेच आवाज किंवा कविता. “आज आपण अमुक विषयावर बोलणार आहोत” हे वाक्य जवळजवळ कधीच लागत नाही.

४. कविता वाचायची कशी

हा सगळ्या कार्यक्रमाचा गाभा आहे, आणि याला सराव लागतो.

आधी विश्वासार्ह छापील प्रत मिळवा. इंटरनेटवर फिरणाऱ्या कवितांत ओळी गळलेल्या, शब्द बदललेले, कधी कवीच दुसरा असतो. ग्रंथालयातून संग्रह आणा आणि ओळीओळी ताडून पाहा. मग अडणारे उच्चार पेन्सिलीनं खुणा करून ठेवा, विशेषतः च, ज, झ. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला च एक नाही, हे आपल्याला बोलताना माहीत असतं आणि वाचताना विसरतं.

त्यानंतर छंद पाहा. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं असतात. शेवटचा आखूड चरण म्हणजे कवीनं तुम्हाला दिलेली थांबायची जागा. ती घेतली नाही तर अभंग धावत सुटतो. मंदाक्रांता वृत्ताच्या ओळीत सतरा अक्षरं, आणि चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबायची जागा. वृत्त ओळखलं की थांबायचं कुठे हे आपोआप कळतं. पण यतीवर इतकाही भर देऊ नका की शाळेतलं पाठांतर वाटेल. अर्थ पुढच्या ओळीत जात असेल तर आवाज खाली न पाडता पुढे न्या. मुक्तछंदात ओळ जिथे तुटते तिथे अगदी किंचित अडखळा. कवीनं ओळ तिथे तोडली त्याला कारण असतं.

पहिला भाग कुणावर करावा असं मला कुणी विचारलं तर मी मर्ढेकर सुचवते. त्यांच्या कविता हक्कमुक्त आहेत. त्यांनी जुन्या अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात गिरणी, यंत्र आणि शहरातली गर्दी आणली, त्यामुळे संगीत, कविता आणि आजचं जगणं या तिन्ही गोष्टी एकाच जागी सापडतात. त्यांची कविता समजावून संपत नाही, हा एकट्यानं बोलणाऱ्यासाठी मोठाच फायदा आहे. जे कळलं नाही ते “मला इथे असं वाटतं, पण खात्री नाही” असं सरळ म्हणता येतं.

कविता भागात दोनदा वाचा, सुरुवातीला काही न सांगता आणि शेवटाकडे, तुमचं बोलून झाल्यावर. दुसऱ्या वेळी तेच शब्द ऐकणाऱ्याला वेगळे लागतात. तुमचं मधलं बोलणं कितपत पोचलं याची ती परीक्षा असते. कवितेच्या आधी आणि नंतर दोन-तीन सेकंद काहीही नको. कवितेखाली पार्श्वसंगीतही लावू नका, बासरी नको आणि सतार तर नकोच. शब्दांना स्वतःचा नाद असतो आणि बाहेरचं संगीत पहिल्यांदा तोच झाकतं. सूर हवाच असेल तर कविता संपू द्या, श्वास घ्या आणि मग येऊ द्या.

५. खोली, माइक आणि शेजार

महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. रिकाम्या भिंतींची, फरशीची खोली आवाज परत फेकते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, किंवा मागे जाड रजई टांगा. गाद्यांच्या कोपऱ्यातही छान काम होतं. पंखा बंद, फ्रिज लांब, फोन विमान मोडवर. कुकरची शिट्टी, पाण्याची मोटर आणि शेजारच्यांची मिक्सरची वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळा टाळा. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांपुढे कुणाचं चालत नाही. तेव्हा बाहेर जाऊन तोच आवाज पुढच्या एखाद्या भागासाठी मुद्रित करा. पत्र्यावरचा पाऊसही तसाच जपून ठेवा.

सुरुवात फोननं करा. नंतर कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. कार्यक्रम टिकतोय असं वाटलं की यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा डायनॅमिक माइक घ्या. तो समोरचा आवाज घेतो आणि खोलीतला बराचसा सोडून देतो. कंडेन्सर माइक सगळंच ऐकतो, रस्त्यावरची रिक्षासुद्धा. वाहत्या रस्त्याकाठच्या घरात तो घेऊ नका.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा. मराठीत भ, फ, ध, घ यांच्यासोबत हवा जोरात येते आणि समोरच्या माइकवर ती फुटते. चाचणीसाठी हे म्हणून बघा: “फाटकापाशी भर पावसात भाजीवाला पुकारत होता.” धप्पधप्प ऐकू आलं तर माइक आणखी तिरका करा. आवाजाची पातळी बोलण्याच्या सर्वोच्च क्षणी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शेवटी अर्धा मिनिट काही न बोलता तसंच मुद्रण चालू ठेवा. खोलीची ती शांतता संपादनात जोड द्यायला उपयोगी पडते.

वाक्य चुकलं तर थांबू नका, टाळी वाजवा आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा. पडद्यावर टाळीचं उंच टोक दिसतं, कुठे कापायचं ते लगेच सापडतं.

६. संपादन

ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. चुकलेली वाक्यं काढा, पण श्वास काढू नका. श्वास नसलेला आवाज ऐकायला त्रास होतो. गोंगाट कमी करण्याची सोय हलक्या हातानं वापरा, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. बोलण्याखाली संगीत असेल तर ते १५ ते २० डेसिबल खाली ठेवा. शेवटी एकूण पातळी स्टिरिओला (डावा-उजवा आवाज वेगळा) उणे १६ एलयूएफएस (आवाज सरासरी किती मोठा ऐकू येतो याचं माप) आणि मोनोला (दोन्हीकडे एकच आवाज) उणे १९, शिखर उणे १ डेसिबलच्या आत. एकट्याचं बोलणं मोनोमध्ये उत्तम जातं. १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती माहिती साठवायची याचं माप) एमपी३ फाइल मिनिटाला साधारण एक एमबी होते, ६४ केबीपीएस मोनो त्याच्या निम्मी. गावाकडे कमी नेटवर ऐकणाऱ्यांचा विचार करून दुसरा पर्याय घेतला तरी बोलण्याची गुणवत्ता फारशी उतरत नाही. गाणं जास्त असेल तर पहिलाच घ्या.

संपादन झाल्यावर साध्या इअरफोनवर एकदा आणि फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका. भांडी घासताना ऐकलंत तर आणखी चांगलं. लोक असंच ऐकतात.

७. प्रसिद्ध करणं

फाइल ठेवण्यासाठी होस्टिंग लागतं. ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’सारखी मोफत सोय आहे, तिथून मिळणारा आरएसएस दुवा (नवे भाग आपोआप इतर अॅपना पोचवणारा पत्ता) अॅपल पॉडकास्ट्स आणि यूट्यूबला दिला की भाग सगळीकडे पोचतो. मुखचित्र चौरस हवं, १४०० ते ३००० पिक्सेल, आणि अक्षरं इतकी मोठी की फोनवर अंगठ्याएवढ्या चित्रातही वाचता यावीत. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. नाव देवनागरीत ठेवा आणि वर्णनात ते रोमन लिपीतही एकदा लिहा, कारण मराठी माणूसही शोधताना बऱ्याचदा रोमनमध्येच टाइप करतो. सोबतच्या माहितीत कवी, संग्रह, प्रकाशक, राग, वादक आणि परवानगी देणाऱ्याचं नाव न चुकता द्या.

तीन भाग तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका, आणि पंधरा दिवसांतून एक हा वेग धरा. दर आठवड्याचं वचन एकट्या माणसाला जड जातं. किती जणांनी ऐकलं हा आकडा पहिले सहा महिने फार बघू नका. किती जणांनी भाग शेवटपर्यंत ऐकला, कुठल्या मिनिटाला लोक सोडून गेले, हे मात्र नीट पाहा. तिथे बहुधा तुम्ही कवितेपासून लांब गेलेले असता.

ऐकणाऱ्यांची पत्रं येतील. “आमच्या आईला ही ओवी अशी येत होती” असं कुणी लिहिलं तर त्यांना विचारून ती ओवी मुद्रित करून मागवा, फोनवर म्हटलेली असली तरी चालेल. तिच्यावर पुढचा भाग होतो. आणि मूळ मुद्रणं, लिहिलेली संहिता, परवानगीची पत्रं हे सगळं भागाच्या क्रमांकानं एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढत जा.